विंडोज १० संपले, म्हणून संगणक निर्लेखित करायचा का?

जुना मदरबोर्ड (धागाकर्ता) :

गेल्या आठवड्यात कुलूपकिल्ली यांनी येथे जे टिपण लिहिले, त्याचे उत्तर चार ओळींच्या प्रतिसादात मावणारे नसल्यामुळे हा वेगळा धागा काढत आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांच्यासाठी त्यांचे म्हणणे असे : विंडोज १० चा आधार (म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे ते चालवणारा प्रत्येक संगणक सार्वजनिक धोका झाला आहे, जिल्हा परिषदेच्या शाळांतले आणि ग्रामपंचायतींतले असे सर्व संगणक शासनाने वर्षभरात निर्लेखित करून (वापरातून आणि नोंदीतून काढून) नवे घ्यावेत, आणि लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी विनामूल्य, मुक्त स्रोत प्रणाली हा रिकामा वेळ असणाऱ्यांचा छंद आहे. शेवटचे वाक्य मी छंदिष्ट या नात्याने सोडून देतो. मधले मात्र सोडवत नाही, कारण त्यातला पैसा आपल्या सर्वांचा आहे.

विंडोज ११ साठी ‘अपात्र’ ठरलेला संगणक बिघडलेला असतो, हा समज आधी दूर व्हायला हवा. अट आहे ती इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या, म्हणजे साधारणपणे २०१७ च्या उत्तरार्धानंतरच्या, प्रोसेसरची. टीपीएम २.० चे, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणाऱ्या चिपचे, नाव सगळे घेतात; परंतु सहाव्या आणि सातव्या पिढीच्या पुष्कळ यंत्रांत ते फर्मवेअरमध्ये असतेच, फक्त बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावे लागते. तरीही प्रोसेसरचे नाव यादीत नाही म्हणून यंत्र बाद. २०१६ साली घेतलेल्या आय-फाइव्हमध्ये एक एसएसडी आणि आठ जीबी रॅम बसवली, तर पत्रे लिहिणे, हजेरीपत्रक ठेवणे, शासनाची संकेतस्थळे उघडणे आणि मुलांना स्प्रेडशीट शिकवणे यांतले कोणते काम त्याच्याने होत नाही, हे कुलूपकिल्ली यांनी सांगावे. विंडोज १० हे शेवटचे विंडोज असेल, असे २०१५ साली कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने जाहीर व्यासपीठावर सांगितले होते, याची आठवण आता कोणी काढत नाही.

शिवाय नवे घेण्यासाठी याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरनी मेमरीचा बाजार इतका ओढून नेला आहे की, २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आणि मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने डिसेंबरात क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. अशा वेळी जनतेच्या पैशाने चालते संगणक भंगारात घालायचे आणि चढ्या भावाने नवे आणायचे, याला धोरण कसे म्हणावे? केंद्र सरकारनेच २०१५ मध्ये मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण काढले. केरळच्या शाळा तर दीड दशकाहून अधिक काळ लिनक्सवर चालत आहेत. संगणक निर्लेखित करण्याचा निकष त्याच्यावर होणारे काम हाच असावा, विक्रेत्याने ठरवलेली तारीख नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कुलूपकिल्ली :

माझ्या टिपणातला मुद्दा सोयीने अर्धाच घेतल्याबद्दल आभार. मी एका सहकारी संस्थेच्या संगणक विभागात नोकरी करतो आणि रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या विषाणूने, बंद पडलेले कार्यालय आतून पाहिले आहे. आमच्या शेजारच्या एका छोट्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर एकच जुना संगणक ‘चालतोय ना, मग राहू दे’ म्हणून ठेवला होता. त्याच्यावाटे शिरलेल्या विषाणूने देयकांची आणि तपासण्यांची सगळी नोंद कुलूपबंद केली, आणि पुढे कित्येक दिवस तेथील परिचारिका वहीत रेघा मारून कामे करत होत्या. एसएसडी घातली की यंत्र जलद होते हे मलाही ठाऊक आहे. जलद होणे आणि सुरक्षित होणे यांत फरक आहे.

मे २०१७ मधला वॉनाक्राय हा रॅन्समवेअरचा हल्ला आठवा. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या या विषाणूने मेर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा पाडली, तेव्हा न्हावाशेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम थांबले आणि कंटेनरच्या रांगा लागल्या. प्रोसेसरची अटही कोणाच्या लहरीखातर आलेली नाही. प्रणालीच्या गाभ्याच्या संरक्षणाची जी व्यवस्था विंडोज ११ वापरते, तिला लागणारी सोय जुन्या प्रोसेसरांत नसल्यामुळे ती तेथे यंत्राला धीमे करते. आणि लिनक्सचे म्हणाल, तर माझ्या तालुक्यात लिनक्सचा प्रिंटर चालू करून देणारा एक माणूस दाखवा; मी माझे टिपण मागे घेईन.

जुना मदरबोर्ड :

वॉनाक्रायचे उदाहरण आपणच दिलेत, हे बरे झाले. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता, आणि मे महिन्यात जी यंत्रे बळी पडली त्यांतली बहुतेक विंडोज ७ ची, म्हणजे तेव्हा आधार चालू असलेल्या प्रणालीची होती. अपडेट येत होते, ते कोणी बसवत नव्हते. ज्या कार्यालयात अपडेट बसवायला माणूस नाही, तेथे नवे यंत्र आणून ठेवल्याने काय साधणार? तुमच्या शेजारच्या रुग्णालयातही बॅकअप वेगळ्या जागी ठेवलेला असता, तर वहीत रेघा मारण्याची वेळ आली नसती, असे मला नम्रपणे वाटते.

झेडपीमास्तर :

आपल्या दोघांचा वाद वाचून करमणूक झाली. आमच्या शाळेतील संगणक कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, कारण चोरी झाली तर वसुली त्यांच्या पगारातून होईल अशी त्यांना भीती वाटते. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच मेल्या आहेत आणि विजेचे बिल कोणत्या शीर्षातून भरायचे यावर पत्रव्यवहार चालू आहे. बंद खोलीतील संगणकाला इंटरनेटच नसल्यामुळे तो सार्वजनिक धोका ठरत नाही, हे कुलूपकिल्ली साहेबांना कळवतो. आणि तो चालूच होत नसल्यामुळे त्यावर लिनक्स घालूनही उपयोग नाही, हे मदरबोर्ड साहेबांना कळवतो.

केरळचा दाखला आम्हाला नेहमी दिला जातो. तेथे ‘काइट’ ही शासनाची स्वतंत्र संस्था आहे, ती प्रणालीची स्वतःची आवृत्ती काढते, शिक्षकांना प्रशिक्षण देते आणि पाठ्यपुस्तकेही त्याच प्रणालीला धरून असतात. आम्हाला मिळते ती दुपारी तीन वाजता व्हॉट्सॲपवर आलेली एक्सेल फाइल, जी संध्याकाळी पाचपर्यंत भरून पाठवायची असते. नोकरीसाठी एमएस-सीआयटी आम्ही केली ती विंडोजवर. त्यामुळे उद्या शासनाने लिनक्स आणले, तरी एक्सेलमधला तक्ता लिबरऑफिस या विनामूल्य ऑफिस प्रणालीत विस्कटला याचा खुलासा शिक्षकालाच द्यावा लागेल. ग्रामपंचायतीचे तर विचारूच नका. आधारसाठी बोटांचे ठसे घेणारी यंत्रे जोडायला लागणारी प्रणाली प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळते.

टंकशाळा :

मास्तरांनी व्यवहाराची बाजू मांडली, तशीच माझीही ऐका. माझा तीस वर्षांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दोन दिवाळी अंक आणि अधूनमधून कवितासंग्रह, असे काम असते. सगळे मॅटर पेजमेकर या पानांची मांडणी करणाऱ्या प्रणालीत आणि जुन्या फाँटमध्ये आहे. त्या फाँटच्या प्रणालीला यूएसबीचे लॉक (जोडल्याखेरीज प्रणाली उघडत नाही अशी खुंटी) आहे आणि ते लॉक लिनक्स ओळखत नाही. माझ्या जुन्या यंत्रावर लिनक्स घालायचे म्हणजे तीस वर्षांच्या फाइलींवर पाणी सोडायचे. लिनक्सवाल्यांना हे कधी कळत नाही, कारण त्यांनी मराठीत कधी प्रूफ काढलेले नसते.

अक्षरओळख :

टंकशाळा यांनी स्वतःहून विषय काढला म्हणून लिहिते. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड, म्हणजे कोणत्याही यंत्रावर तेच अक्षर दिसावे म्हणून ठरवलेली अक्षरांची सामाईक पद्धत, २००० सालापासून आहे. अडोबीने पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मध्ये काढली, त्यानंतर आठवी कधी आलीच नाही. म्हणजे आधार संपलेल्या प्रणालीवर आपण आज नव्हे, दोन दशके बसलेले आहात, आणि दोष मात्र लिनक्सला देता! आपल्यासारख्या छापखान्यांमुळे मराठीतले पाव शतकाचे लेखन अशा फाइलींत अडकून पडले आहे, जे ना शोधता येते, ना आंधळ्या वाचकाला संगणकाकडून वाचून घेता येते, ना दुसऱ्या यंत्रावर उघडले तर इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्याखेरीज काही दिसते. मी भाषांतराचे काम करते. संस्थांकडून येणाऱ्या जुन्या फाइली पुन्हा टंकण्यात माझी जी संध्याकाळ जाते, तिचे देयक मी आपल्या छापखान्याच्या पत्त्यावर पाठवावे काय?

टंकशाळा :

अवश्य पाठवा, त्याच पाकिटात मला युनिकोडने घातलेल्या तोट्याचे देयक मी परत पाठवीन. एका दिवाळी अंकाचा जुना मजकूर मी मोठ्या हौसेने, जुन्या फाँटमधले युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या एका कन्व्हर्टरमधून काढला होता. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर, हे त्या कन्व्हर्टरला अर्धेच ठाऊक होते. साध्या शब्दांत चालले, जोडाक्षर आले की वेलांटी भलत्याच अक्षरावर, आणि ‘सूर्य’ व ‘दर्‍या’ यांतला फरक त्याने मिटवूनच टाकला. संपादकांनी मला फोनवर जे ऐकवले ते येथे लिहिण्याजोगे नाही. भाषेचे भले करण्याचा मक्ता आपण घेतला आहे, बाई; मला मात्र गुरुवारी प्लेटा द्यायच्या असतात.

अक्षरओळख :

‘बाई’ म्हणून संभावना केल्याने वेलांटी जागेवर येत नाही. कन्व्हर्टर वाईट होता म्हणून युनिकोड वाईट ठरत नाही. मराठीचा अर्धा र युनिकोडमध्ये व्यवस्थित लिहिता येतो, आपण स्वतःच वरच्या प्रतिसादात ‘दर्‍या’ लिहून ते सिद्ध केले आहे. मुक्ता आणि बालू हे मुंबईत घडलेले फाँट विनामूल्य आहेत. पेजमेकरचेच काम करणाऱ्या विनामूल्य स्क्रायबसची १.६ ही आवृत्ती २०२४ च्या आरंभी आली, तीत देवनागरी जोडाक्षरे नीट उमटतात आणि ती लिनक्सवरही चालते. मराठी टंकण्याची गमभनची मांडणीही लिनक्समध्ये मिळते.

कुलूपकिल्ली :

मी संगणकाच्या सुरक्षेविषयी लिहिले होते, याची कोणाला आठवण आहे का?

राईनकाठचा :

जर्मनीत राहत असल्यामुळे दोन गोष्टी सांगतो. म्युनिक महापालिकेने सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१३ मध्ये ते काम पूर्ण झाल्याचे जाहीर केले. २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे वळायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टने आपले जर्मन मुख्यालय २०१६ मध्ये म्युनिक शहरात हलवले होते, आणि त्यावरून येथे बरीच कुजबुज झाली. दुसरीकडे श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३० हजार शासकीय संगणक लिबरऑफिसवर आणि पुढे लिनक्सवर नेण्याचे जाहीर केले आहे. दोन्ही बाजूंना येथून हवे ते उदाहरण उचलता येईल. मला दिसलेला फरक असा की, श्लेस्विग-होल्स्टाइनने आधी फाइलींचे स्वरूप आणि ऑफिस बदलायला घेतले आणि विंडोज काढणे मागे ठेवले. मदरबोर्ड मात्र विंडोजपासून सुरुवात करायला निघाले आहेत.

जुना मदरबोर्ड :

राईनकाठचा यांची सूचना मला मान्य आहे, जरी ती मी सुचवली असती तर कोणी ऐकली नसती. टंकशाळा यांच्या फाइलींचे उत्तर आजच्या घडीला माझ्याजवळ नाही. पण छापखान्याचा प्रश्न पुढे करून गावोगावच्या शाळांना नवे संगणक घ्यायला लावता येणार नाही, कारण चौथीच्या वर्गात पेजमेकर शिकवत नाहीत.

शाळांना मुदतही आहे. आधार संपल्यावरही मिळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या विस्तारित सुरक्षा अपडेटांचा दर कंपन्यांसाठी पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो. परंतु शैक्षणिक परवान्याखाली तोच दर एक, दोन आणि चार डॉलर आहे. म्हणजे सात डॉलरांत एका यंत्राची तीन वर्षे, ऑक्टोबर २०२८ पर्यंत. घरच्यांना तर सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडल्या की ऑक्टोबर २०२६ पर्यंत ते फुकटच मिळते. कुलूपकिल्ली यांच्या टिपणात याचा उल्लेखही नव्हता, हे मला खटकले.

कुलूपकिल्ली :

उल्लेख नव्हता, कारण शैक्षणिक परवाना-करार मुळात असावा लागतो, आणि किती शाळांतील विंडोज रीतसर विकत घेतलेले आहे हा प्रश्न येथे कोणीही जाणूनबुजून विचारलेला नाही. क्रॅक केलेल्या विंडोजवर अपडेट आधीपासूनच बंद ठेवलेले असतात; त्या यंत्रांसाठी १४ ऑक्टोबर ही तारीख आली काय आणि गेली काय, सारखेच. तरीही एवढे मान्य करतो : करार असेल तेथे सात डॉलर भरावेत आणि ‘वर्षभरात’ या माझ्या शब्दाऐवजी ‘तीन वर्षांत’ असे वाचावे. ठसे घेण्याची यंत्रे जोडलेल्या संगणकांबाबत मात्र मी एक दिवसही सवलत देणार नाही. ते आधी बदलावेत. टंकशाळा यांनी आपले लॉकवाले यंत्र इंटरनेटपासून तोडून, फाइली पेनड्राइव्हने न्याव्यात आणि तो पेनड्राइव्ह दर वेळी दुसऱ्या संगणकावर तपासावा. यापलीकडची उदारता माझ्याकडून होणार नाही.

झेडपीमास्तर :

तीन वर्षांची मुदत मिळाल्याबद्दल आभार. विजेच्या बिलाचे शीर्ष तोवर ठरेलच.

टंकशाळा :

यंत्राचे इंटरनेट मी कधीच काढले आहे, विषाणूच्या भीतीने नव्हे, तर कामगार क्रिकेट पाहतात म्हणून. अक्षरओळख यांना एकच विचारतो. मी एका जुन्या अहवालाची चार पाने पाठवतो, ती त्यांनी त्यांच्या पसंतीच्या कन्व्हर्टरमधून काढून, प्रूफ न वाचता, जशीच्या तशी येथे डकवावीत.

अक्षरओळख :

पाठवा. पतसंस्थेचा अहवाल नको, कवितासंग्रह पाठवा; जोडाक्षरे तेथे जास्त असतील. आणि प्रूफ मी वाचणारच, कारण आपला मूळ मजकूरही निर्दोष असेल असे मी गृहीत धरलेले नाही.