हेल्मेटला चीर गेली तर गोंद? डोकं कुणाचं आहे?

रोजचा_रायडर:
काल एक पोस्ट वाचली. 'हेल्मेटला चीर गेली? टेन्शन नको. फेविक्विकचे चार थेंब सोडा, वरून इपॉक्सी पुट्टी भरा, पॉलिश पेपर मारा, नव्यासारखं. दीड हजार वाचले.' खाली सगळे धन्यवाद दादा, धन्यवाद दादा. राहवलं नाही म्हणून लिहितोय. अरे हेल्मेट म्हणजे बादली आहे का? आतला थर्माकोल एकदा चेपला की परत फुगत नाही, त्याचं कामच ते आहे, तुमच्या कवटीच्या आधी आपण चेपायचं. आणि क्विक असो की चपलेचं सोल्युशन, थर्माकोलला ते खातं. ज्यांनी घरी गणपतीचं मखर केलंय त्यांना हे माहीत असायला हवं. 2018 ला थर्माकोलवर बंदी यायच्या आधी आम्ही दरवर्षी करायचो, एकदा घाईत कळसाला क्विक लावला तर डोळ्यांदेखत भोक पडलं, म्हणून तिथे कायम पांढरा फेविकॉलच. मग हेल्मेटच्या चिरेतून सोडलेले थेंब आत कुठे जातात याचा विचार कुणी केला का? बाहेरून चकाचक आणि आत पोकळ. ज्याने ती पोस्ट टाकली त्याने स्वतःच्या मुलाला ते हेल्मेट घालून हायवेला पाठवावं आणि मग सल्ले द्यावेत.

गॅरेजवाला_कोल्हापूर:
दादा, बोलायला सोपं हाय. माझ्याकडं रोज पोरं येत्यात, कुणाचा काचेचा खटका तुटलाय, कुणाची रबरी किनार निघालीय, कुणाचं हवेच्या भोकाचं झाकण उडालंय. ह्यासाठी पण नवीन घ्यायचं का? डिलिव्हरी करणाऱ्या पोराची दिवसाची कमाई किती असती ते एकदा त्याच्यासोबत फिरून बघा. फेकून द्या, नवीन घ्या, हे महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्याचं बोलणं हाय. मी बारा वर्षं गोंद लावतोय, एक तक्रार न्हाई.

रोजचा_रायडर:
मी किनारीबद्दल बोललोच नाही. चिरेबद्दल बोललो. नीट वाचा की. आणि तक्रार नाही म्हणजे काय, ज्याचं हेल्मेट ऐन वेळी फुटलं तो तक्रार करायला तुमच्या गॅरेजवर येणार आहे का?

गॅरेजवाला_कोल्हापूर:
हे जरा जास्तच झालं. मी कुणाच्या जिवावर उठलेलो न्हाई.

नाशिकची_ताई:
भांडू नका हो. खटक्याचं मी स्वतः केलंय म्हणून सांगते. काचेच्या खटक्याला क्विक लावलं आणि काच बंद करून रात्रभर ठेवलं, सकाळी सगळ्या काचेवर पांढरी वाफ बसलेली, पुसता पुसली जाईना. ती क्विकची वाफच असते, बंद जागेत जवळच्या काचेवर जाऊन बसते. दिवसा चाललं, रात्री द्वारका सर्कलला समोरच्या गाड्यांचे लाईट असे फुटायला लागले की गाडी बाजूला घेऊन उभी राहिले. म्हणजे छोटं काम पण छोटं नसतं, दादा.

पेठेतला_काका:
मुळात हे हेल्मेट आलंच का आपल्या गळ्यात? पुण्यात 1 जानेवारी 2019 पासून पोलीस कसे मागे लागले होते आठवतंय ना? गावातल्या गावात ताशी वीसने जाणाऱ्याला हेल्मेट! आधी खड्डे बुजवा. हेल्मेट घालून मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि मंडईत गेलं की ते ठेवायचं कुठे? आरशाला अडकवलं की चोरीला जातं नाहीतर खाली पडतं, आणि मग तुमच्या ह्या चिरा. सक्ती नसती तर गोंदाचा प्रश्नच आला नसता.

रोजचा_रायडर:
काका, विषय गोंदाचा आहे.

पेठेतला_काका:
विषय तोच आहे. 2016 ला 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' काढलं होतं, तेव्हा आमच्या पंपावर एकच हेल्मेट रांगेत हातोहात फिरायचं, मी बघितलंय. अशा सक्तीने लोक दंड वाचवायला हेल्मेट घेतात, डोकं वाचवायला नाही. मग ते फुटलं तरी त्याला गोंदच लावणार.

कराडचा_पोरगा:
काका, खड्ड्याचं तुमचं शंभर टक्के खरं. पण ताशी वीसचं नका सांगू. माझा मावसभाऊ गल्लीतून भाजी आणायला निघाला होता. कुत्रं आडवं आलं. हेल्मेट होतं डोक्यावर, आयएसआयचं, चांगलं. पण पट्ट्याचं बक्कल तुटलेलं, ते त्याने गोंदाने चिकटवून नुसतं अडकवलं होतं. पडला तसं हेल्मेट एकीकडे आणि तो एकीकडे. अकरा दिवस आयसीयू. आता चालतो, बोलतो, पण वास येत नाही त्याला, कशाचाच. मावशी अजून ते हेल्मेट माळ्यावर ठेवून आहे, फेकू देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये पट्ट्याने नीट बांधलेलं असावं असंच लिहिलंय, नुसतं डोक्यावर ठेवून चालत नाही, आणि 194डी चा हजार रुपये दंड, तीन महिने लायसन्स बंद, हे सगळं आम्हाला हॉस्पिटलच्या बाकावर बसून कळलं. मला गोंद म्हटलं की तो पट्टाच दिसतो.

पेठेतला_काका:
वाईट झालं रे. पट्ट्याचं मान्य. सक्तीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण पट्ट्याचं मान्य.

गॅरेजवाला_कोल्हापूर:
पट्ट्याला मी कधीच गोंद लावत न्हाई, हे लिहून घ्या. सगळा झटका त्यावरच येतो. चिरेचं, खरं सांगतो, दोन-तीनदा केलंय. गिऱ्हाईक हात जोडून उभं ऱ्हातं, उद्या गावाला जायचंय म्हणतं. आता वाटतंय करायला नको हुतं. पण एक तुम्हीपण माना. टाकीवरनं रिकामं हेल्मेट घरंगळलं, नुसता रंग खरवडला, तर लगेच आतला थर्माकोल मेला असं न्हाई. आत डोकं नसतं, चेपणार कशानं?

रोजचा_रायडर:
हे मात्र बरोबर आहे, रिकामं पडलं तर सहसा आत काही होत नाही. सहसा. गादी काढून आत बोट फिरवून बघा, कुठे खोलगट किंवा तडा लागला तर विषय संपला. डोक्यावर असताना आपटलं असेल तर बघायचं पण नाही, सरळ बाद. आणि आतलं लेबल वाचा, बहुतेकांवर पेट्रोल, थिनर, रंग लावू नका असं लिहिलेलंच असतं. पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या कवचाला त्याने बारीक बारीक तडे जातात, बाहेरून दिसत पण नाहीत.

नाशिकची_ताई:
मग किनारीला काय लावू ते तरी सांगा, माझी खालून पूर्ण सुटलीय. आणि गालाच्या गादीचं वेल्क्रो पण.

गॅरेजवाला_कोल्हापूर:
ताई, वेल्क्रो शिवून घ्या, गोंदाच्या नादाला लागू नका. किनारीला न्यूट्रल सिलिकॉन, आंबट वास येणारं नको. कवचाच्या कडेवर बारीक धार सोडा, आत थर्माकोलकडं जाऊ देऊ नका, वरनं कागदी टेप मारून एक दिवस सावलीत ठेवा. काच मात्र काढूनच ठेवा ह्यावेळी.

कराडचा_पोरगा:
आणि हात लागलाच आहे तर बक्कल ओढून बघा ताई. दोन्ही हातांनी, जोरात.