पंप फिरवण्याआधी हवा बघा

भाऊ, तुम्ही म्हणता, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घेतल्यापासून गाडी सकाळी पांढरा धूर सोडते, उशिरा उठते, आणि मिस्तरी म्हणतो टायमिंग, म्हणजे सिलिंडरमधे डिझेल फवारायची वेळ, पुढं (लवकर) घ्या. लगेच घेऊ नका. टायमिंग मागं (उशिरा) असलं की असंच होतं हे खरं, पण इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या पंपात हवा शिरली तरी हुबेहूब हेच होतं. पंपात डिझेल येतं त्या इनलेटला वीतभर पारदर्शक नळी लावून बघा. बुडबुडे दिसले तर आधी बँजोचे, म्हणजे डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, वॉशर बदला.

माझ्या गाडीचं टायमिंग बीडमधे एकानं नुसतं कानानं पुढं केलं होतं. मांजरसुंब्याचा घाट चढताना टकटक अशी, जणू बोनेटखाली कुणी खलबत्ता कुटतंय! मूळ दोष निघाला बँजोच्या तांब्याच्या वॉशरमधे.

हवा नसेल तर मग डायल गेज, म्हणजे बारीक सरक मोजणारं सुईचं घड्याळ. बॉश व्हीई पंप असेल तर मागच्या हेडमधला, चार पाइपांच्या मधला बोल्ट काढून गेज बसवायचा. कोल्ड स्टार्टचा (गार इंजिनला टायमिंग पुढं नेणारा) लिव्हर बंद हवा, नाहीतर आकडा खोटा येतो. इंजिन हातानं उलटं फिरवत सुई खाली थांबेपर्यंत न्या, तिथं शून्य करा, मग सुलट फिरवून टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो त्या) खुणेवर आणा. जो लिफ्ट (सुई सरकल्याचा आकडा) दिसेल तो मॅन्युअलशी ताडा. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा असतो, म्हणून कान चालत नाही. पंप त्याचा शाफ्ट फिरतो त्याच्या उलट दिशेला कलला की टायमिंग पुढं जातं.

आणि काळा धूर वेगळा. तो बहुतेक वाढवलेल्या डिझेलचाच; डिझेलचा स्क्रू थोडा मागं घ्या.