हायलँड बॅगपाइपवर नाताळच्या कुठल्या चाली बसतात? मदत हवी आहे

मंडळी, मी एडिनबरात राहतो. डिसेंबरात आमच्या भागातल्या नाताळ-बाजारात एकट्याने पंधरा-वीस मिनिटं ग्रेट हायलँड पाइप वाजवायचा आहे, तोही उघड्यावर. सोबत ना ड्रम, ना बँड.

घोडं अडलंय सुरांपाशी. चँटरवर (बोटांनी वाजवायच्या नळीवर) सूर नऊच. खालचा ए (पाश्चात्त्य सूर) 'सा' धरला तर निषाद कोमल, म्हणजे सरळ खमाजच. त्यामुळे 'जॉय टू द वर्ल्ड' पहिल्याच उतरणीत फसतं. डी 'सा' धरला की निषाद शुद्ध मिळतो, पण मग वर पंचमाच्या पलीकडे जाता येत नाही. 'गुड किंग वेन्सेस्लास' मंद्र पंचम ते मध्य पंचम, चपखल बसतं. 'सायलेंट नाइट' मावत नाही. वरचे सूर खालच्या सप्तकात घेऊन पाहिले, ऐकवत नाही. 'ऑल्ड लँग साइन'मधला वरचा धैवत मी पंचमावरच भागवतो, ते खपून जातं. पण ती वर्ष सरताना गातात, म्हणून ३१ डिसेंबरसाठी राखून ठेवलीय.

वेगळा चँटर किंवा स्मॉलपाइप (छोटा बॅगपाइप) घ्या असं कृपया सुचवू नका, बजेट नाही. आडव्यातिडव्या बोटांनी जादा सूर काढणंही नको. थंडीत रीड (आवाज काढणारी पत्ती) आधीच सुरातून उतरते, बोटं आखडतात; म्हणून ग्रेस नोट्सनी (कणस्वरांनी) गच्च भरलेले रील्सही (नाचाच्या जलद चालीही) बाद. स्टाफ नोटेशन वाचता येतं.

तर मूळ चाल न मोडता डीमध्ये बसतील अशा आणखी दोन-तीन चाली कोणत्या? आणि मध्ये एखादी संथ धून घालावी, की बाजाराच्या गलक्यात मार्चच बरे?