मुंबईत आईसाठी समुद्रकाठची निवांत बाग कोणती?

धरमपेठकर:
आईची पाण्याकाठी बसण्याची हौस आजवर नागपूरच्या अंबाझरी आणि फुटाळा तलावांवरच भागली आहे. पुढच्या महिन्यात विदर्भ एक्सप्रेसने तिला मुंबईला नेत आहोत. गुडघेदुखीमुळे तिला वाळूतून चालवत नाही आणि गिरगाव चौपाटीच्या गर्दीत तिचा जीव घाबरा होईल. बाकावर बसून समुद्र पाहता येईल, अशी शांत जागा कृपया सुचवावी.

महालकर:
कुलाब्याचे सागर उपवन न्याहाळण्यासारखे आहे. कुलाबा बस आगाराजवळची ही बाग पूर्वेकडे, बंदराच्या बाजूला असल्यामुळे तिथे सूर्यास्ताची गर्दी होत नाही. सकाळचे कोवळे ऊन मात्र पाण्यावर छान उतरते. जवळच १८७५ सालचा ससून डॉक असल्याने मासळीचा वास येऊ शकतो, हे आईंना आधी सांगावे.

रत्नागिरीहून नागपुरात आलेली सून:
जाण्याची वेळ भरती पाहून ठरवा, कारण ओहोटीला काठाशी चिखल उघडा पडतो आणि पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्याचा विरस होतो. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. रोज ती साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. एकादशीला सव्वाआठच्या आसपास भरती येईल. माझ्या मते तुमच्या आईंसाठी तीच सकाळ उत्तम.

धरमपेठकर:
मनापासून आभार. एकादशी धरूनच तिकिटे काढतो.