फेडररने उरलेल्या हंगामातून घेतलेली माघार

रत्नागिरीकर (२७ जुलै २०१६)

काल टेनिसपटू रॉजर फेडररचे निवेदन वाचल्यापासून कशात मन लागत नाही. पुढची काही वर्षे खेळायचे असेल तर गुडघ्याला अधिक काळ उपचार आणि विश्रांती द्यावी लागेल, म्हणून या वर्षी आपण पुन्हा खेळणार नाही, असे त्याने कळवले आहे. म्हणजे रिओ ऑलिम्पिक नाही, अमेरिकन ओपनही नाही. येत्या ८ ऑगस्टला तो पस्तीस वर्षे पूर्ण करील.

विम्बल्डनची उपान्त्य फेरी आठवते. आमच्याकडे त्या संध्याकाळी पाऊस कोसळत होता आणि डिशचे चित्र सारखे जात होते. राओनिचविरुद्ध पहिल्या तीनपैकी दोन सेट जिंकून तो पुढे होता, चौथा सेट ५-७ असा गेला आणि पाचव्या सेटमध्ये चित्र परत आले तेव्हा तो गवतावर पालथा पडलेला दिसला. इतक्या वर्षांत त्याला असा पडलेला मी पाहिला नव्हता. आमच्या गावात टेनिसचे कोर्ट कधीच नव्हते, तरी हा खेळ मला त्याच्यामुळे कळला, म्हणून विचारतो: ही माघार योग्य आहे का, आणि या वयात इतक्या खंडानंतर तो मोठी स्पर्धा जिंकू शकेल का? केवळ धीर देणारे उत्तर नको.

चिपळूणची फिजिओ

दादा, माघार योग्यच आहे, किंबहुना ती फेब्रुवारीतच घ्यायला हवी होती. जानेवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जोकोविचकडून हरल्यावर दुसऱ्या दिवशी मुलींच्या आंघोळीची तयारी करताना त्याचा डावा गुडघा वळला आणि मेनिस्कस, म्हणजे सांध्यातील कूर्चेची गादी, फाटली. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि एप्रिलमध्ये तो माँटे कार्लोच्या स्पर्धेत खेळूही लागला. या गादीच्या केवळ बाहेरच्या कडेलाच पुरेसा रक्तपुरवठा असतो, त्यामुळे ती स्नायूसारखी भरून येत नाही. शिवाय शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू लवकर वाळतो आणि तो पूर्ववत होईपर्यंत प्रत्येक धक्का थेट सांध्यावर बसतो. मग पाठ दुखू लागली, फ्रेंच ओपन सोडावी लागली आणि सलग ६५ ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या, स्पर्धा खेळण्याचा क्रम तुटला. हंगामात आंबे काढताना झाडावरून पडलेले गडी माझ्याकडे येतात. दुखणे थांबले की ते पुन्हा कलमावर चढतात आणि महिन्याभरात अधिक सुजलेला गुडघा घेऊन परत येतात.

हर्णै बंदर

निर्णय पटतो, पण रिओ गेल्याचे दुःख मला आवरत नाही. २००८ साली बीजिंगला वावरिंकाबरोबर दुहेरीचे सुवर्ण मिळाले, २०१२ साली लंडनला मरेकडून हरून एकेरीचे रौप्य मिळाले, आणि एकेरीचे सुवर्ण राहूनच गेले. यंदा हिंगिसबरोबर मिश्र दुहेरीही खेळायची ठरली होती.

क्रमवारीचाही विचार करा. ती मागील ५२ आठवड्यांच्या गुणांवर ठरते. गेल्या वर्षीचे सिनसिनाटीचे विजेतेपद आणि अमेरिकन ओपनचे उपविजेतेपद यांचे गुण आता गळून पडतील. जानेवारीत मानांकन, म्हणजे क्रमवारीवरून स्पर्धेत मिळणारा क्रम, चोवीसच्या खाली गेले, तर पहिल्या आठांपैकी कोणीही तिसऱ्याच फेरीत समोर येऊ शकेल. आमच्या नौका सध्या शाकारलेल्या आहेत, पावसाळी मासेमारीबंदी उठली की त्या जागेवरून पुन्हा निघतात. त्याला मात्र मागे जाऊन सुरुवात करावी लागणार आहे.

मालवणचे क्रीडाशिक्षक (निवृत्त)

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. १९७२ साली केन रोझवॉल ३७व्या वर्षी ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकला; त्यानंतर पस्तिशी ओलांडलेल्या एकाही पुरुषाने ग्रँड स्लॅम एकेरी जिंकलेली नाही. रोझवॉल १९७४ साली, वयाच्या ३९व्या वर्षी, विम्बल्डन आणि अमेरिकन अशा दोन्ही अंतिम फेऱ्यांत पोहोचला, पण दोन्हीकडे कॉनर्सने त्याला हरवले. अगासी ३५व्या वर्षी अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत हरला, तोही याच फेडररकडून. आपला पेस ४३व्या वाढदिवसाच्या आधी फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकला खरा, पण दुहेरीत अर्धेच कोर्ट सांभाळायचे असते.

तरीही मी आशा सोडत नाही, कारण त्याच्या खेळात पाय कमी झिजतात. त्याची सर्व्हिस अचूक आहे, तो चेंडू उसळताच पुढे होऊन घेतो आणि गुण लवकर संपवतो. याच महिन्यात विम्बल्डनला चिलिचविरुद्ध दोन सेट गमावून आणि तीन मॅच पॉइंट (जो एक गुण गेला की सामनाच जातो) वाचवून तो जिंकला. ज्याचा गुडघा पूर्ण बरा नाही त्याने हे केले, याला मी मोठे वजन देतो.

रत्नागिरीकर

सर, ताई, हर्णैकर, मनापासून आभार. ताई, एकच विचारतो: जानेवारीपर्यंत मांडी पूर्ववत होईल का?

चिपळूणची फिजिओ

सहा महिने पुरेसे आहेत, मात्र व्यायामात खंड पडता कामा नये आणि मध्येच एखाद्या स्पर्धेचा मोह होता कामा नये. रिओ सोडून त्याने तो मोह आधीच बाजूला ठेवला आहे.