वॉरंटीतला फोन 'लिक्विड डॅमेज' सांगून परत आला, आता काय करावं?

वाशिष्ठीकाठ

अँड्रॉइड फोन, ऑनलाइन घेतलेला, एक वर्षाची वॉरंटी, ती संपायला दोन महिने बाकी. चार्जिंग मध्येच तुटतं, अधूनमधून 'पोर्टमध्ये ओलावा आहे' अशी सूचना येते आणि बॅटरी ३० टक्के दाखवत असताना फोन आपोआप बंद पडतो. चिपळुणात या कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र नाही, म्हणून जिल्ह्याच्या गावी दिला. आधी नुसतं सॉफ्टवेअर टाकून परत केला. पुन्हा दिल्यावर तोंडी उत्तर मिळालं की आत पाणी गेलंय, वॉरंटी बाद, मदरबोर्ड बदलावा लागेल. सांगितलेला खर्च फोनच्या निम्म्या किमतीपेक्षा जास्त आहे.

फोन पाण्यात पडलेला नाही. पावसाळ्यात खिशात दमट होतो तेवढाच. पाणी गेलंय की नाही हे ग्राहकाला कसं तपासता येईल? केंद्राकडून लेखी काय मागायचं? आणि वॉरंटी संपायच्या आत हातात काय असायला हवं?

सोल्डरगन

आधी पाण्याचं बघू.

बहुतेक फोनमध्ये पाणी ओळखणारी छोटी पट्टी असते. दुकानात तिला एलडीआय किंवा एलसीआय म्हणतात. कोरडी असताना पांढरी, पाणी लागलं की लाल किंवा गुलाबी. एक पट्टी बऱ्याचदा सिमच्या खाचेत असते. ट्रे काढा, टॉर्च तिरका धरा आणि आत बघा. बाकीच्या पट्ट्या आत असतात, बॅटरीच्या कनेक्टरजवळ किंवा खालच्या चार्जिंग बोर्डावर, त्या फोन उघडल्याशिवाय दिसत नाहीत. तुमच्या मॉडेलमध्ये सिमच्या खाचेत पट्टी असेल आणि ती पांढरी असेल तर आजच जवळून फोटो काढून ठेवा. त्यावरून आतल्या पट्ट्याही कोरड्या आहेत असं सिद्ध होत नाही, कारण चार्जिंग पोर्टमधून शिरलेलं पाणी सिमपर्यंत पोचेलच असं नाही. पण केंद्राने 'सगळीकडे पाणी' म्हटलं तर तो फोटो उपयोगी पडतो.

'पोर्टमध्ये ओलावा' ही सूचना म्हणजे मदरबोर्डापर्यंत पाणी गेलं असा अर्थ नाही. टाइप-सी पोर्टमधल्या पिनांमध्ये वीज झिरपते आहे का हे फोन तपासतो आणि झिरपत असेल तर चार्जिंग थांबवतो. घाम, खारी हवा, खिशातला मळ यांचा थर पिनांवर बसला की पोर्ट कोरडा असूनही तीच सूचना येते. कोकणात हे फार दिसतं. कारागीर तो थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने काढतो. सुई, पिन, टाचणी घालू नका, मधली जीभ वाकली की 'फिजिकल डॅमेज' लिहायला आयतं कारण मिळतं.

तिसरं, जे तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंग पोर्ट मदरबोर्डावर नसतो, खाली वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो. त्याला सब-बोर्ड म्हणतात. तो एका फ्लेक्स केबलने (पातळ चपट्या पट्टीने) वरच्या बोर्डाला, म्हणजे मदरबोर्डाला जोडलेला असतो. चार्जिंग तुटणं बऱ्याचदा या सब-बोर्डाचं किंवा फ्लेक्सचं दुखणं असतं आणि ३० टक्क्यांवर बंद पडणं हे थकलेल्या बॅटरीचं. फोनवर कामाचा भार वाढला की बॅटरीचा व्होल्टेज एकदम खाली येतो आणि फोन बंद होतो. म्हणून थेट मदरबोर्ड सांगितला तर एकच प्रश्न विचारा: सब-बोर्ड आणि बॅटरी बदलून पाहिली का? या दोन्ही गोष्टी मदरबोर्डाच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहेत.

घरी एक चाचणी करता येते. यूएसबीचा छोटा मीटर मिळतो, तो चार्जर आणि केबलच्या मध्ये लावा. दुसऱ्या फोनवर नीट चालणारी केबल आणि चार्जर घ्या. प्रवाहाचा (अँपिअरचा) आकडा शून्यच राहिला तर वाट पोर्ट किंवा फ्लेक्सपाशी तुटली आहे. केबल किंचित हलवल्यावर आकडा येतो-जातो तर पोर्ट सैल आहे. आकडा नीट येऊनही टक्के चढत नाहीत तर मग बॅटरी किंवा वरचा बोर्ड. याचा व्हिडिओ दुसऱ्या फोनने घ्या. बिघडलेल्या फोनवर *#०६# दाबून आयएमइआय (फोनचा ओळख क्रमांक) दाखवा आणि न थांबता लगेच बिघाड दाखवा, सगळं एकाच सलग चित्रणात. आयएमइआय आधी दिसला की 'हा वेगळ्या फोनचा व्हिडिओ' म्हणायला जागा उरत नाही.

आयपी, म्हणजे फोन पाण्याला किती दाद देत नाही हे सांगणारी श्रेणी, तिच्याबद्दल थोडं, कारण जाहिरातीमुळे गैरसमज होतो. आयपी६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, आयपी६८ म्हणजे त्याहून कठीण, कंपनीने ठरवलेली चाचणी. दोन्ही प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्याच्या. समुद्राचं पाणी, साबणाचं पाणी यांना ते लागू नाही आणि आयपी६८ छापलेल्या फोनच्याही वॉरंटीतून पाण्याचं नुकसान सहसा वगळलेलं असतं. वॉरंटी कार्डातलं ते वाक्य शोधून वाचा.

पोचपावती

सोल्डरगन यांनी यंत्राचं सांगितलं, मी कागदाचं सांगते. वॉरंटीच्या भांडणात निकाल बहुतेक वेळा फोन काउंटरवर दिला त्या क्षणी लागतो, आणि तो जॉबशीटवर, म्हणजे फोन जमा करताना केंद्र देतं त्या नोंदीच्या कागदावर लिहिलेला असतो.

जॉबशीटमध्ये 'ग्राहकाची तक्रार' असा रकाना असतो. तिथे माणूस 'चेक अँड रिपेअर' किंवा 'सॉफ्टवेअर इश्यू' टाकतो, कारण यादीतून तेवढंच पटकन निवडता येतं. सही करू नका. तुमच्या शब्दांत लिहून घ्या: 'चार्जिंग खंडित होते, ओलाव्याची सूचना येते, ३० टक्क्यांवर फोन बंद होतो'. तोच बिघाड तशाच शब्दांत दुसऱ्या जॉबशीटवर आला की दुरुस्ती करूनही दोष गेला नाही हे कागदच सांगतो. पहिल्यावर 'सॉफ्टवेअर' आणि दुसऱ्यावर 'लिक्विड' असेल तर कंपनी त्यांना दोन वेगळ्या तक्रारी म्हणते.

दुसरा रकाना फोनच्या अवस्थेचा. 'स्क्रॅचेस, डेंट' असं सरसकट टाकलेलं असतं. फोन निर्दोष असेल तर 'तडा नाही, कडा सरळ, मागचं कव्हर चिकटलेलं' असं लिहून घ्या आणि काउंटरवरच सहा बाजूंचे फोटो काढा. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही आयएमइआय जॉबशीटवर आहेत का बघा, बिलावरच्या क्रमांकांशी ताडा. 'इन वॉरंटी' लिहिलंय का तेही बघा.

केंद्र आधी सॉफ्टवेअरच का टाकतं? अधिकृत केंद्रं बहुतांशी फ्रँचायझी असतात. वॉरंटीतल्या कामाचे पैसे त्यांना कंपनीकडून येतात, जुना सुटा भाग परत पाठवावा लागतो, आणि त्यावर पाण्याची खूण निघाली तर दावा नामंजूर होऊन भार केंद्रावर येऊ शकतो. म्हणून शंका आली की ते ग्राहकाकडे ढकलतात. हे कळलं की काउंटरवरच्या मुलाशी भांडण्यात अर्थ नाही हेही कळतं. निर्णय लेखी मागायचा आणि कंपनीला पाठवायचा.

वॉरंटीची तारीख जवळ आली म्हणून घाबरू नका. मुदतीत नोंदवलेला दोष मुदतीतलाच राहतो, सुटा भाग नंतर आला तरी. पण नोंद लेखी हवी. फोनवर 'बोलून ठेवलं' याला नोंद म्हणत नाहीत. एक अट मात्र पाळा: या दोन महिन्यांत फोन बाहेरच्या दुकानात उघडू नका. अनधिकृत दुरुस्तीचं कारण मिळालं की बाकीचा वाद बाजूलाच राहतो.

वाशिष्ठीकाठ

सिमच्या खाचेतली पट्टी पांढरी आहे, फोटो काढला. पण केंद्र नकार लेखी द्यायला तयार नाही, 'सिस्टीममध्ये टाकलंय' म्हणतात. शिवाय मदरबोर्ड बदलला तर डेटा आणि आयएमइआयचं काय होतं?

पोचपावती

मग लेखी तुम्हीच तयार करा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल संकेतस्थळावर असतो. असा मजकूर पुरेल:

'जॉबशीट क्रमांक अमुक, आयएमइआय अमुक, खरेदीची तारीख अमुक. आपल्या अधिकृत केंद्राने या तारखेला लिक्विड डॅमेजचं कारण तोंडी सांगून वॉरंटीतली दुरुस्ती नाकारली. कृपया सात दिवसांत पुढील गोष्टी पाठवाव्यात: नकाराचं लेखी कारण, लाल झालेल्या पट्टीचा आणि गंजलेल्या भागाचा आयएमइआयसह फोटो, तपासणाऱ्याचा अहवाल, आणि सब-बोर्ड व बॅटरी बदलून चाचणी केली का याचा खुलासा. उत्तर न आल्यास नकाराला आधार नाही असं मी समजेन.'

सोबत बिल, दोन्ही जॉबशीट, पांढऱ्या पट्टीचा फोटो जोडा. फोन ऑनलाइन घेतलाय, तर हेच पत्र विक्रेत्याला आणि त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. बिलावर विक्रेत्याचं नाव संकेतस्थळापेक्षा वेगळं असतं, ते नीट उतरवून घ्या.

उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतही बोलता येतं. तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि तुम्हाला क्रमांक मिळतो. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तडजोडीची पायरी आहे. तरी बरीच कामं इथे होतात, कारण तक्रार काउंटरवरून उठून कंपनीच्या मुख्य कार्यालयात जाते.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दोन सोयी आहेत ज्या लोकांना माहीत नसतात. कंपनीचं कार्यालय बेंगळुरू किंवा गुरुग्रामला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीला तक्रार करता येते (कलम ३४). आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन होतो. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं (कलम ६९), म्हणून नकाराची तारीख सिद्ध करणारा तो ईमेल जपून ठेवा.

कंपनी, विक्रेता आणि सेवा केंद्र, तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मागणी क्रमाने लिहा: मोफत दुरुस्ती, ती न झाल्यास बदली फोन, तोही नसल्यास पैसे परत, शिवाय नुकसानभरपाई आणि खर्च. व्हिडिओ, स्क्रीनशॉट जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत द्या. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो (कलम ३८), त्यासाठी फोन आहे त्या अवस्थेत राहायला हवा. कायद्यात निकालाचं उद्दिष्ट चाचणी नसल्यास ३ महिने, असल्यास ५ महिने आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवून उतरा.

खाडीपार

थोडं अवांतर, पण आखातातून गावी फोन आणणाऱ्यांना उपयोगी. दुबईत घेतलेल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनची वॉरंटी त्या देशापुरतीच असते. आयएमइआय टाकला की इथल्या केंद्राला 'आउट ऑफ रीजन' दिसतं आणि जॉबशीटच उघडत नाही. बिल खरं असून उपयोग नाही. आयफोनचं धोरण सैल आहे, पण मॉडेल देशागणिक बदलतं. अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही, तसे सुटे भाग इथे असतीलच असं नाही. घेण्याआधीच वॉरंटी कार्डावर 'इंटरनॅशनल' आहे का बघा.

सोल्डरगन

डेटाचं उत्तर कडू आहे. आताच्या फोनमध्ये साठवण एन्क्रिप्टेड असते आणि तिची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की जुना डेटा गेला, चिप काढून दुसरीकडे लावूनही वाचता येत नाही. तुमचा फोन अजून चालू होतोय, तर आजच सगळं उतरवून घ्या. फोटो, व्हॉट्सॲपचा बॅकअप, आणि विसरतं ते म्हणजे ओटीपी बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप, ते दुसऱ्या फोनवर हलवा. यूपीआय ॲपची नोंदणी सिम आणि फोनशी बांधलेली असते, ती नव्याने करावी लागेल. फोन देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. पासवर्ड देण्याऐवजी फोनमध्ये रिपेअर मोड किंवा मेंटेनन्स मोड असेल तर तो लावा, त्यात कारागिराला चाचण्या करता येतात पण तुमचे फोटो दिसत नाहीत.

नव्या बोर्डाबरोबर आयएमइआय बदलू शकतो. बदलला तर जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक लिहिलेला शिक्क्याचा कागद घ्या. नाहीतर पुढच्या वेळी बिल आणि फोन जुळत नाहीत, विमा असेल तर तोही अडतो. चोरी झाली तर पोलीस तक्रारीत आणि सीईआयआर या चोरीचे फोन बंद करायच्या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करायलाही नवाच क्रमांक लागतो.

परत घेताना ओटीपी मागतात. तो दिला की त्यांच्या नोंदीत काम समाधानाने बंद होतं. म्हणून तपासणी आधी, ओटीपी नंतर. तुमच्या केबलने निदान दहा मिनिटं तिथेच चार्जिंगला लावा, मीटर असेल तर तोही. दोन्ही सिम, वायफाय, बोटाचा ठसा, दोन्ही कॅमेरे, स्पीकर, माइक बघा. एक कॉल लावून फोन कानाला धरा, स्क्रीन काळी व्हायला हवी, उघडलेल्या फोनमध्ये तो सेन्सर बऱ्याचदा नीट बसवायचा राहतो. मागच्या कव्हरच्या कडेवरून नख फिरवा, कुठे अडलं तर गोंद नीट बसलेला नाही. बदललेल्या भागाचं नाव क्लोजिंग जॉबशीटवर लिहून घ्या, कारण नव्या भागाची वेगळी वॉरंटी असेल तर ती त्या नोंदीवरच मिळते.