गोव्याचे दोन दीनानाथ
प्रश्न (म्हापसा): आमच्या वाचनालयात ‘गोव्याचे दीनानाथ’ या विषयावर छोटे प्रदर्शन भरवायचे आहे, मंगेशकरांखेरीज या नावाची आणखी कोणती नामवंत व्यक्ती त्यात घेता येईल?

उत्तर (मडगाव): दीनानाथ दलाल यांना अवश्य घ्यावे. १९१६ साली मडगावात जन्मलेल्या या चित्रकाराने मुंबईत राहून मराठी पुस्तकांची असंख्य मुखपृष्ठे रंगवली आणि १९४५ पासून ‘दीपावली’ हा दिवाळी अंक काढून घरोघरी चित्रे पोहोचवली. जुने अंक मिळाल्यास ते मांडाच, कारण त्यांची ठसठशीत रेषा आणि मोकळा रंग छायाप्रतीत पार मरून जातो.

उत्तर (फोंडा): सहमत. मंगेशीचे मास्टर दीनानाथ (१९००–१९४२) गायक-नट होते, त्यामुळे दोघांची गल्लत होऊ नये, पण फलकावर नुसते ‘दीनानाथ’ लिहिले तर ती हमखास होईल. पणजीच्या कला अकादमीतील नाट्यगृहालाही मंगेशकरांचेच नाव आहे, त्यामुळे गोव्यात हे नाव घेताच बहुतेकांना तेच आठवतात. माझ्या मते दलालांवर हा थोडा अन्यायच आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दलालांना दर्शनी भिंत देतो.